वारा वाढला की माळ हातात येते, पण भीती जात नाही

प्रश्न असा आहे. वसईच्या किनाऱ्यावरच्या एका ताईंचे यजमान बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आहेत. एकेक फेरी आठ-दहा दिवसांची. वारा वाढला की ताईंच्या छातीत धडधड सुरू होते आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. त्या माळ (मरियेच्या प्रार्थनांची जपमाळ) म्हणतात, एक संपली की दुसरी धरतात, तरी भीती हटत नाही. शेजारची एक बाई म्हणाली, "एवढी भीती वाटते म्हणजे तुझी श्रद्धाच कमी." शिवाय २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाच्या रात्री त्यांनी नवस बोलला होता: बोट सुखरूप आली तर दर सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीला (माउंट मेरीला) घरापासून अनवाणी चालत येईन. दोन वर्षे गेल्या, मग गुडघ्यांनी साथ सोडली आणि नवस राहून गेला. आता वारा सुटला की वाटते, देव त्याचाच हिशेब मागतो आहे. अशा वेळी देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे, असे त्या विचारतात.

ताई, शेजारणीचे वाक्य आधी मनातून काढून टाका, कारण ते चर्चची शिकवण नाही. भावना स्वतःहून पुण्यही नसते आणि पापही नसते, असे कॅटेकिझम, म्हणजे कॅथलिक शिकवणीचा अधिकृत ग्रंथ, स्पष्ट सांगतो (परिच्छेद १७६७). तिच्या भरात आपण जाणूनबुजून काय करतो, तिथून चांगले-वाईट सुरू होते. वारा वाढल्यावर छाती धडधडणे हे अंगाचे काम आहे. ज्याचा माणूस दर्यावर आहे त्याला वाऱ्याचा आवाज ऐकून काहीच वाटले नाही, तर ती श्रद्धा म्हणावी की बेफिकिरी, असा प्रश्न पडेल. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमानीच्या बागेत स्वतः प्रभू येशू घाबरला. मार्कने ते लपवलेले नाही (१४:३३-३४). आपला जीव मरणाइतका खिन्न झाला आहे, असे येशू शिष्यांना सांगतो. त्याची श्रद्धा कमी होती, असे कोण म्हणेल?

तेव्हा भीती घालवणे हे ध्येय ठेवू नका. तुमची माळ नेमकी इथेच अडते आहे. एक माळ झाली की मन तपासते, "गेली का भीती?" गेलेली नसते, म्हणून दुसरी सुरू होते आणि पुन्हा तपासणी होते. या तपासण्यानेच भीतीला खतपाणी मिळते, कारण सगळे लक्ष देवाकडे जाण्याऐवजी स्वतःच्या छातीकडे लागलेले असते. भरवसा म्हणजे भीती आहे तशी, तिच्या नावासकट देवासमोर ठेवणे आणि मग समोरचे काम करणे. छाती त्यानंतरही धडधडत राहिली तरी तुम्ही ठेवलेला भरवसा खोटा ठरत नाही.

वादळातल्या होडीचा उतारा (मार्क ४:३५-४१) तुम्ही शंभर वेळा ऐकला असेल. या वेळी तो कोळीवाड्यातल्या माणसाच्या नजरेने वाचा. त्या होडीत पेत्र, आंद्रिया, याकोब आणि योहान होते. चौघांचाही धंदा मासेमारीचा आणि गालीलचे सरोवर त्यांच्या पायाखालचे. म्हणजे ती भीती अडाणी माणसाची नव्हती. आता बुडणार हे ओळखण्याइतकी त्यांना पाण्याची जाण होती. येशू मागच्या बाजूला उशीवर डोके टेकून झोपलेला. त्याला उठवताना ते प्रार्थनेची गोड भाषा वापरत नाहीत. "गुरुजी, आम्ही बुडतो आहोत, याची तुम्हांला काही पर्वा?" असे जवळजवळ भांडून विचारतात.

इथे मार्क आणि मत्तय यांच्यातला एक फरक पाहा. मत्तयाच्या शुभवर्तमानात (८:२६) येशू आधी त्यांना "का घाबरता?" म्हणतो आणि मग वाऱ्याला दटावतो. मार्कमध्ये तो आधी वारा थांबवतो आणि मग प्रश्न विचारतो. म्हणजे त्या ओबडधोबड, रागावलेल्या हाकेलाही तो उत्तर देतो. शिष्यांची श्रद्धा सुधारेपर्यंत तो झोपून राहत नाही. आणखी एक छोटे वाक्य बहुतेकांच्या नजरेतून सुटते: "त्याच्याबरोबर दुसऱ्या होड्याही होत्या" (४:३६). वारा पडला तो त्या होड्यांसाठीही पडला, आणि त्यांतल्या माणसांना येशू कोण हे ठाऊक तरी होते की नाही, कोण जाणे. आपल्या बोटीसाठी मागताना बंदरातल्या बाकीच्या बोटी, बाहेरगावाहून आलेले खलाशी, दुसऱ्या धर्माचे नाखवे, सगळ्यांना त्या मागण्यात घ्या. कोविडच्या पहिल्या लाटेत, २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी, रिकाम्या आणि पावसाने भिजलेल्या संत पेत्राच्या चौकात पोप फ्रान्सिस यांनी सगळ्या जगासाठी प्रार्थना केली, तेव्हा त्यांनी हाच उतारा निवडला होता.

आता गेथशेमानीकडे वळू, कारण प्रार्थना कशी करायची याचा क्रम तिथे आहे. येशू आधी सोबत मागतो. तिघा शिष्यांना जवळ घेऊन "जागे राहा" म्हणतो. मग तो जे हवे ते सरळ मागतो: हा प्याला माझ्यापासून दूर कर. त्यानंतर म्हणतो: तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मत्तय सांगतो की तो तीन वेळा गेला आणि तेच शब्द पुन्हा बोलला (२६:४४). लूक सांगतो की त्याला बळ द्यायला देवदूत आला, पण प्याला काही हटला नाही (२२:४३).

भाविक माणसे यातली मधली पायरी गाळतात. "देवाची इच्छा" असे म्हणून थेट शेवटच्या वाक्याला येतात. मागणे पोटातच राहते आणि रात्री दोन वाजता वर येते. देवाजवळ मागणे हा हट्ट नव्हे. आधी मोकळेपणाने मागा, "माझा माणूस घरी आण" असे स्पष्ट शब्दांत मागा. सोपवणे त्यानंतर. मागितलेलेच नसेल तर सोपवायला हातात काय असते?

रोजच्या रात्रीसाठी या क्रमातून पंधरा मिनिटांची एक बांधणी करता येते. वेळ ठरलेली ठेवा, समजा जेवणे उरकल्यावर साडेनऊ. हवामानाचा अंदाज त्याआधीच पाहून घ्या आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. क्रूसासमोर मेणबत्ती लावा, क्रूसाची खूण करा आणि मिनिटभर नुसते बसा. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. बाहेर सोडलेला श्वास लांबला की धडधड हळूहळू उतरते. यात जादू नाही, शरीराची घडण देवाने तशी केली आहे. मग भीती एका वाक्यात मोठ्याने बोला. "टेन्शन येते" हे वाक्य चालणार नाही. "बोट उलटली तर मी या दोन पोरांना घेऊन एकटी पडेन, आणि बोटीचे कर्ज माझ्या डोक्यावर येईल" असे खरे आणि नेमके वाक्य हवे. मोघम भीती प्रार्थनेत धरता येत नाही. ती बोटांतून निसटते आणि पुन्हा घरभर पसरते.

त्यानंतर मागणे. त्याच शब्दांत तीनदा, येशूने केले तसे. मग स्तोत्र १०७, ओवी २३ ते ३०, आवाज काढून वाचा. हे स्तोत्र दर्यावर्दी माणसांचेच आहे. गलबते घेऊन समुद्रावर व्यापाराला गेलेले लोक, आकाशाला भिडणाऱ्या आणि पुन्हा तळाला नेणाऱ्या लाटा, झिंगल्यासारखी झोकांडी खाणारी माणसे, सगळे कसब संपल्यावर मारलेली हाक, आणि शेवटी हव्या त्या बंदराला लागलेली बोट. वाचायला दोन मिनिटेही लागत नाहीत. मग माळेचे एकच रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग मनात धरून म्हणायचे दहा मणी, घ्या. मंगळवारी किंवा शुक्रवारी दुःखाची रहस्ये असतात आणि त्यांतले पहिलेच गेथशेमानीतल्या वेदनेचे आहे. दहा 'नमो मरिया' आणि दर मण्याला बोटीवरच्या एकेका माणसाचे नाव. बोटीवर सात माणसे असतील, तर उरलेले तीन मणी घरात वाट पाहणाऱ्यांचे. पूर्ण पाच रहस्यांना वीसेक मिनिटे लागतात. ती सकाळी किंवा संध्याकाळी शेजारणींबरोबर म्हणा. झोपेच्या तोंडावर एकच रहस्य पुरे, कारण रात्री प्रार्थना वाढवत नेली की ती पुन्हा त्या तपासणीच्या चक्रात अडकते.

शेवटी चर्चच्या रात्रप्रार्थनेतले वाक्य म्हणा: "हे प्रभो, मी माझा आत्मा तुझ्या हाती सोपवते." ते स्तोत्र ३१ मधले आहे आणि क्रूसावर येशूच्या ओठी आलेले आहे. जगभरचे धर्मगुरू आणि धर्मभगिनी रोज रात्री झोपण्यापूर्वी ते म्हणतात. पुढे यजमानांचे नाव घालून तेच वाक्य पुन्हा म्हणा. मेणबत्ती विझवा. मग उठून एखादे काम करा. पोरांचे डबे, सकाळचे पाणी, जे असेल ते. सोपवले याची खूण म्हणून हात मोकळे करून कामाला लावायचे.

मध्यरात्री जाग आली तर नवी माळ सुरू करू नका. माळ नुसती मुठीत धरा आणि श्वासाबरोबर एकच ओळ म्हणा. "येशू" म्हणत श्वास आत घ्या, "माझा तुझ्यावर भरवसा आहे" म्हणत बाहेर सोडा. ही ओळ संत फाउस्तिना यांच्यामुळे घराघरांत पोचली. दैवी दयेच्या चित्राखाली ती लिहिलेली असते. किंवा पाण्यावर चालताना बुडू लागलेल्या पेत्राची हाक घ्या: "प्रभो, मला वाचव" (मत्तय १४:३०). एवढी आखूड प्रार्थना पेत्राला पुरली. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठून बसा, मंद दिव्यात एखादे हलके काम करा आणि डोळे जड झाले की परत आडवे व्हा.

आता स्तोत्र ९१ विषयी थोडे थांबून बोलायला हवे. परात्पराच्या आश्रयाखाली राहणाऱ्याला काही अपाय होणार नाही, असे सांगणारे हे स्तोत्र आपल्याकडे अनेकांना पाठ असते, घराच्या दारावर आणि बोटीच्या केबिनमध्येही चिकटवलेले असते. चर्च ते रविवारच्या रात्रप्रार्थनेत म्हणते. पण याच स्तोत्रातल्या ओव्या (९१:११-१२) सैतानाने येशूला ऐकवल्या होत्या: मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील. येशूने उत्तर दिले: तुझा देव परमेश्वर याची परीक्षा पाहू नकोस (मत्तय ४:५-७). वचन तेच होते, फक्त वापर उलटा होता. हवामान खात्याने इशारा दिलेला असताना, "गळ्यात स्कॅप्युलर (मरियेच्या भक्तीचे कापडी चिन्ह) आहे, बोटीला फादरांनी आशीर्वाद दिलाय" म्हणून बोट बाहेर काढणे ही तीच उडी आहे. बोटी आणि मासेमारीच्या जाळ्यांवर आशीर्वाद मागण्याचा विधी चर्चच्या आशीर्वाद-पुस्तकात आहे आणि तो हंगामाच्या तोंडावर जरूर करून घ्यावा. पण ती माणसांसाठी केलेली प्रार्थना आहे, लाकडाला चढवलेले चिलखत नव्हे.

म्हणून भरवशाचा निम्मा भाग किनाऱ्यावरच्या कामांत असतो. अरबी समुद्रात वादळे मुख्यतः दोन वेळा येतात: पावसाळ्याआधी मे-जूनच्या सुमारास आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबरात. फयान २००९ च्या नोव्हेंबरात आले, निसर्ग ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तौक्ते मे महिन्यातले. आगोटीआधीच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी मासेमारी थांबण्याआधीच्या, शेवटच्या फेऱ्या नेमक्या पहिल्या टप्प्यात येतात, आणि हंगाम संपायच्या आत एक फेरी आणखी मारू, हा मोह तेव्हाच सर्वांत मोठा असतो. बोट सुटण्याआधी घरात बसून यजमानांशी ठरवा: इशारा आला तर कोणत्या बंदरात शिरायचे, घरी कुणामार्फत निरोप द्यायचा. लाइफ जॅकेटे माणसांइतकी आहेत का, व्हीएचएफ रेडिओ सेट चालतो का, तेही पाहून घ्या. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवा. घरून हवामान दिवसातून दोनदाच पाहायचे, सकाळी आणि जेवणाआधी. दर अर्ध्या तासाने नकाशा उघडून पाहिल्याने बोट काही सुरक्षित होत नाही, तुम्ही मात्र थकून जाता.

प्रार्थना आणि उपाय या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी एकमेकांच्या विरोधात धरल्या नव्हत्या. वांद्र्याच्या जुन्या गावठाणांतून फिरले की रस्त्याकडेचे क्रूस दिसतात. त्यांतले अनेक १८९६ च्या प्लेगच्या साथीत लोकांनी उभारलेले आहेत. त्याच मुंबईत जानेवारी १८९७ मध्ये शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. क्रूसापाशी माळ म्हणणे आणि दंडावर सुई घेणे यांत निवड करायची नसते. कॅथलिक बायबलमधल्या सिराखच्या ग्रंथात, ३८ व्या अध्यायात, हाच क्रम दिलेला आहे: आजारी पडलास तर देवाची प्रार्थना कर आणि मग वैद्यालाही त्याची जागा दे, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे.

आता तुमचा नवस, कारण तुमच्या भीतीची एक मुळी तिथे आहे. नवस म्हणजे देवाला विचारपूर्वक आणि मोकळेपणाने दिलेले वचन, आणि ते शक्य असलेल्या, अधिक चांगल्या गोष्टीविषयी असावे लागते (चर्चच्या कायद्याचे कलम, कॅनन ११९१). वादळाच्या रात्री, गर्भगळीत अवस्थेत तोंडातून गेलेले शब्द या व्याख्येत कितपत बसतात, हा पहिला प्रश्न आहे. तो तुमच्याबरोबर धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनी पाहायचा. एकटीने निकाल देऊ नका, कारण भ्यालेले मन स्वतःविरुद्धच निकाल देते. समजा, तो खरा नवस ठरला. तरी न्याय्य कारण असेल आणि दुसऱ्या कुणाच्या हक्काला बाधा येत नसेल, तर खासगी नवसातून मोकळे करण्याचा अधिकार कॅनन ११९६ प्रमाणे याच प्रमुख धर्मगुरूंना (पॅरिश प्रीस्टना) आहे. गुडघे निकामी होणे हे न्याय्य कारण आहेच. आणि कॅनन ११९७ सांगतो की नवस करणारी व्यक्ती तो तितक्याच किंवा अधिक चांगल्या गोष्टीत स्वतःही बदलू शकते. कमी मोलाच्या गोष्टीत बदलायचा असेल तर धर्मगुरूंची परवानगी घ्यावी. उदाहरणार्थ, मोत माउलीच्या सणाच्या आठवड्यात ट्रेनने जाऊन मिस्सा ऐकणे आणि वर्षभर दर शनिवारी एखाद्या खलाशाच्या विधवेच्या घरी बाजार पोचवणे. ही वारीपेक्षा हलकी गोष्ट नाही.

हे सगळे दहा मिनिटांत सुटणारे आहे. रविवारच्या मिस्सानंतर दारात गर्दीत विचारू नका, आधी फोन करून वेळ मागा आणि तीन गोष्टी सांगा: नवस कधी बोलला, नेमके शब्द काय होते, आता अडचण काय आहे. आणि देव हिशेब मागतो आहे, हा विचार तिथेच खाली ठेवून या. देवाचे भय हे पवित्र आत्म्याचे दान आहे, पण ते लेकराने बापाचे मन दुखावू नये म्हणून जपावे तशा जातीचे. सावकाराच्या माणसाने दार वाजवल्यावर वाटते त्या भीतीशी त्याचे काही नाते नाही. शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असे तुम्हांला वाटते का, असे येशूने विचारले आणि उत्तरही दिले: नाही (लूक १३:४-५). ज्या घरांतली माणसे वादळात गेली, त्यांनी नवस मोडले होते म्हणून ती गेली नाहीत.

भीती वाढली की काही वाटा आपोआप सोप्या दिसू लागतात. नऊ जणांना पाठवा नाहीतर अनर्थ होईल, असा मेसेज आला की तो पुढे पाठवायला हाताचे बोट आपोआप सरकते. तो पुसून टाका. प्रार्थनेचे फळ नुसत्या बाहेरच्या कृतीला चिकटवणे याला कॅटेकिझम अंधश्रद्धाच म्हणतो (२१११). डोळे मिटून बायबल कुठेही उघडायचे आणि समोर येईल ते वचन शकुन म्हणून घ्यायचे, हाही तोच प्रकार. आणि कुणाला न सांगता भगताकडे जाऊन "बोट कुठे आहे ते बघा" म्हणणे. तिथे जाणाऱ्या बाईला कुणी हिणवू नये, ती कासावीस झालेली असते. पण ती वाट चर्चला मान्य नाही (२११६), आणि व्यवहारातही ती भीतीवर नवी भीती चढवते: कुणी करणी केली, कुणाची नजर लागली, असे ऐकून माणूस शेजारणीलाही घाबरू लागतो.

रात्री मोठे निर्णयही घेऊ नका. बोट विकून टाकू, पोराला या धंद्यात घालायचेच नाही, माहेरी निघून जाऊ. हे विचार चुकीचेच असतील असे नाही, पण त्यांची वेळ चुकीची आहे. संत इग्नेशियस लोयोला यांचा नियम प्रसिद्ध आहे: मन उजाड आणि अंधारलेले असेल तेव्हा आधी ठरवलेले बदलू नये. मन शांत असताना जे ठरले होते त्यालाच धरून राहावे आणि प्रार्थना थोडी वाढवावी. त्यांचा आणखी एक नियम तुमच्या कामाचा आहे: वैऱ्याला, म्हणजे सैतानाला, गुप्तता हवी असते, आणि मनातली गोष्ट चांगल्या आध्यात्मिक मार्गदर्शकापुढे उघड केली की त्याचा डाव फसतो. आठ-दहा दिवसांची फेरी असते तेव्हा एका तरी माणसाला रोज संध्याकाळी फोन करायचा, असे ठरवून ठेवा. बहीण, जाऊ, दुसऱ्या तांडेलाची बायको, कुणीही. गेथशेमानीत येशूने तिघांना बोलावले होते. ते झोपी गेले, हे खरे, पण त्याने बोलावले होते.

पापनिवेदनाविषयी एकच. भीतीच्या आड कधीकधी खरी रुखरुख असते: घरून निघताना झालेले भांडण, न बोलता गेलेला निरोप. ती असेल तर कन्फेशनला जा आणि एकदाच सांगा. क्षमा मिळाल्यावर तेच पाप दर आठवड्याला पुन्हा सांगू नका. बोट सुटण्याच्या सकाळी दोघांनी मिळून मिस्साला जाता आले तर उत्तम. मिस्सामध्ये 'आमच्या बापा' नंतर धर्मगुरू आपल्या दिवसांत शांती मागतात आणि सगळ्या अस्वस्थतेपासून सुरक्षित ठेव असे म्हणतात. तो भाग लक्ष देऊन ऐका, तुमचीच प्रार्थना तिथे वेदीवर म्हटली जाते.

भीती जवळजवळ रोजची झाली आणि बोट बंदरात असतानाही उतरत नसेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, अचानक श्वास कोंडून आता मरतो असे झटके येत असतील, किंवा जगणे नको असा विचार डोकावत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करून मराठीतून बोलता येते. गोळी घेतल्याने श्रद्धा उणी होत नाही. सिराखचा अध्याय गुडघ्याला लागू आहे तसा मनालाही लागू आहे.

आणि बोट परत आलीच नाही तर? हा प्रश्न तुम्ही लिहिला नाही, पण तो प्रत्येक ओळीखाली आहे. भरवसा ठेवला तर बोट येईलच, असे वचन चर्च कुणाला देत नाही. तुमच्याच वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत आणखी पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारले गेले. देवाने त्यांना तिथून सोडवले नाही, आणि १८६२ मध्ये चर्चने त्यांनाच संत म्हणून जाहीर केले. रविवारी स्तोत्र ९१ म्हणणारे चर्च शुक्रवारी रात्री स्तोत्र ८८ म्हणते, आणि ते स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. ज्या रात्री तुमच्याकडे फक्त अंधार असेल त्या रात्रीसाठीही चर्चजवळ शब्द आहेत, एवढे ध्यानात असू द्या. ना मरण, ना जीवन, ना खोली आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून वेगळे करू शकेल, असे पौल लिहितो (रोम ८:३८-३९). 'खोली' हा शब्द दर्याच्या काठावर वेगळाच ऐकू येतो. तुमचा माणूस पाण्यावर असो वा घरात, देवाच्या हातून तो निसटत नाही. आपण मागतो ते हेही असते, आणि बोटही मागतो. दोन्ही मागावे.

राहिली मुले. वाऱ्याचा आवाज त्यांनाही ऐकू येतो आणि तुमचा चेहराही दिसतो. "बाबा येणार ना?" असे विचारले तर "देव नक्की आणणार" असे वचन देऊ नका. ते वचन तुमच्या हातातले नाही, आणि मोडले तर त्यांचा राग देवावर जातो. "काही नाही, झोप" असेही नको. सांगा: "मलाही भीती वाटतेय. बाबांकडे जॅकेट आहे, रेडिओ आहे, बरोबर सगळे काका आहेत, आणि आपण येशूला सांगून ठेवू." मग पोरालाच सांगू द्या, त्याच्या शब्दांत. होडीतल्या माणसांनी उठवले तसे "येशू, ऊठ" एवढेच तो म्हणाला तरी चालेल. कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण करा, बाबांच्या नावाची एक 'नमो मरिया' म्हणा आणि दिवा मालवा. खिडकी वाऱ्याने वाजत असेल तर आधी तिच्या फटीत कागदाची घडी घाला.